सिंक्रोट्रॉन क्ष-किरण मायक्रोप्रोब

सिंक्रोट्रॉनमधून (इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेगाने वलयात फिरवणाऱ्या यंत्रातून) मिळणारी प्रखर क्ष-किरण शलाका मायक्रॉनभर किंवा त्याहून लहान ठिपक्यावर एकवटून, त्या ठिपक्यात कोणती मूलद्रव्ये किती आहेत हे शोधणारे साधन. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) नमुना कुटून, आम्लात विरघळवून केलेल्या पृथक्करणात मूलद्रव्याचे एकूण प्रमाण कळते, ते कुठे बसले होते याची माहिती मात्र कायमची नष्ट होते. मायक्रोप्रोब ती जागा दाखवतो आणि यातच त्याचे खरे मोल आहे.

तत्त्व : क्ष-किरणाने अणूच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवला की बाहेरच्या कवचातला इलेक्ट्रॉन ती जागा भरतो आणि ऊर्जेतला फरक क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडू शकतो. हे क्ष-किरण अनुस्फुरण होय. बाहेर पडणारी ऊर्जा अणुक्रमांकावर ठरते, हे हेन्री मोझली यांनी १९१३ मध्ये दाखवले. लोखंडाची मुख्य रेषा (म्हणजे त्याच्या किरणांची ठरावीक ऊर्जा) सुमारे ६.४, तर जस्ताची ८.६ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टला (हे ऊर्जेचे एकक) मिळते. शलाका स्थिर ठेवून नमुना तिच्यासमोर ओळीओळीने सरकवला, की प्रत्येक मूलद्रव्याचा स्वतंत्र नकाशा तयार होतो.

उगम : प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोहोचलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळताना प्रारण सोडतात. १९४७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत हा प्रकाश प्रथम डोळ्यांनी दिसला. त्वरक (कणांना वेग देणारी यंत्रे) बांधणाऱ्यांच्या लेखी ही ऊर्जेची गळती होती. पुढे खास या प्रकाशासाठी साठवण-वलये, म्हणजे इलेक्ट्रॉन तासन्‌तास फिरते ठेवणारी वलये, बांधली गेली. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील युरोपीय वलयाचा परीघ ८४४ मीटर आहे.

इलेक्ट्रॉन शलाकेवर चालणारा मायक्रोप्रोब १९५० च्या सुमारास पॅरिसमध्ये रेमाँ कास्तँ यांनी घडवला. त्याला निर्वात कक्ष लागतो, आणि इलेक्ट्रॉन नमुन्यात शिरून मंदावताना उमटणाऱ्या पार्श्वभूमीत अत्यल्प मूलद्रव्ये बुडून जातात. सिंक्रोट्रॉनमध्ये ही अडचण बरीच टळते. त्याचे प्रारण वलयाच्या प्रतलात ध्रुवित असते, म्हणजे त्याचे विद्युत क्षेत्र त्याच प्रतलात कंप पावते; त्याच प्रतलात शलाकेशी काटकोनात डिटेक्टर ठेवला की विखुरलेले किरण फार कमी पोहोचतात. त्यामुळे दशलक्ष भागांत एक भाग, कधी त्याहूनही कमी असलेले मूलद्रव्य उघड्या हवेत मोजता येते.

याहून मोठी सोय म्हणजे ऊर्जा हवी तशी निवडता येणे. आर्सेनिक आणि शिसे यांच्या मुख्य रेषा १०.५ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टजवळ एकमेकींवर बसतात. परंतु ही रेषा उमटण्यासाठी आर्सेनिकचा आतला इलेक्ट्रॉन उडवायला ११.८७, तर शिशाचा उडवायला सुमारे १३.०४ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. शलाका या दोहोंच्या मध्ये ठेवली, की त्या जागी फक्त आर्सेनिकची रेषा उरते.

शलाका एकवटण्यासाठी बहुधा पॉल कर्कपॅट्रिक व अल्बर्ट बाएझ यांनी १९४८ मध्ये सुचवलेली आरशांची जोडी वापरतात. किरण जवळजवळ पृष्ठभागाला घासूनच परावर्तित होत असल्याने हे आरसे लांबट असतात.

उपयोग : ऊर्जा बारीक टप्प्यांनी बदलत नेली तर मूलद्रव्याची रासायनिक अवस्थाही कळते. व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या चित्रांतला क्रोम यलो हा क्रोमियमयुक्त पिवळा रंग काही ठिकाणी तपकिरी का पडतो, हे याच मार्गाने उलगडले. संशोधक लेतिझिया मोनिको, कून यान्सेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रकार रिक वाउटर्स यांच्या जुन्या रंगनळीतला रंग अतिनील दिव्याखाली ५०० तास ठेवला. तो चॉकलेटी झाला. मग अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयातील व्हॅन गॉगच्या दोन चित्रांचे अतिसूक्ष्म कण ग्रेनोबलला तपासले गेले. क्रोमियमच्या दोन रासायनिक अवस्थांपैकी षट्संयुजी (संयुजा सहा) ५.९९३ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टला ठळक शिखर देते, त्रिसंयुजी (संयुजा तीन) देत नाही. वॉर्निशखालच्या दोन-तीन मायक्रॉन जाडीच्या तपकिरी थरात क्रोमियम अंशतः त्रिसंयुजी झालेले आढळले, तेही बेरियम व गंधक असलेल्या जागी. हे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढ्या पातळ थराची रासायनिक अवस्था जागच्या जागी वाचणे दुसऱ्या क्वचितच एखाद्या पद्धतीला जमले असते.

तांदळाच्या दाण्यांच्या अशा नकाशांतून आर्सेनिक कोंड्याच्या बाहेरच्या थरांत साठते हे स्पष्ट दिसले. दूषित भूजलावर भात पिकणाऱ्या बंगालसारख्या प्रदेशासाठी ही माहिती थेट जेवणाच्या ताटाशी निगडित आहे. ‘स्टारडस्ट’ यानाने २००६ मध्ये आणलेली वाइल्ड-२ या धूमकेतूची धूळही जगभरच्या मायक्रोप्रोबवर तपासली गेली.

मर्यादा : कार्बन, नायट्रोजन, सोडियम यांसारख्या हलक्या मूलद्रव्यांचे क्षीण किरण नमुन्यात आणि हवेतच शोषले जातात. जाड नमुन्यात खोलवरचे थर एकाच नकाशात मिसळतात. म्हणून पातळ छेद घ्यावे लागतात किंवा नमुना फिरवून त्रिमितीय प्रतिमा रचावी लागते. प्रखर शलाका रासायनिक अवस्था स्वतःच बदलू शकते, याचेही भान लागते. शिवाय नमुना कोणाचा, हे यंत्र सांगू शकत नाही. संगीतकार बेथोव्हेनची म्हणून शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत तपासलेल्या केसांत शिसे भरपूर सापडले. २०२३ मध्ये जनुकीय तपासणीने ती बट एका स्त्रीची असल्याचे दाखवले.

भारतात : इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ या २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या, १७२ मीटर परिघाच्या वलयावर १६ क्रमांकाची शलाका-वाहिनी (वलयातून किरण प्रयोगापर्यंत आणणारा मार्ग) सूक्ष्म अनुस्फुरणासाठी आहे. विद्यापीठांतील संशोधक प्रस्ताव पाठवून तिच्यावर मोजमापाची वेळ मागू शकतात.