फ्लाइट १९ गायब नाही झाली, वाट चुकली

स्वच्छ आकाश, शांत समुद्र, कसलेले वैमानिक. तरी बर्म्युडा ट्रँगलने ५ विमानं गिळली, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. हे खरं नाही.

५ डिसेंबर १९४५ ला फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून निघालेली 'फ्लाइट १९' ही त्या ५ विमानांची, अमेरिकन नौदलाची सरावाची फेरी होती. १४ जणांपैकी बहुतेक शिकाऊ. प्रमुख लेफ्टनंट चार्ल्स टेलर अनुभवी होते, पण होकायंत्रं बिघडल्याचं त्यांनी रेडिओवर कळवलं आणि खालची बहामाची बेटं त्यांना फ्लोरिडा कीज, म्हणजे फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाची बेटं वाटली. घात झाला तो इथेच. कीजवरून ईशान्येला गेलं की जमीन लागते. बहामावरून गेलं की भर अटलांटिक! पश्चिमेला वळलो तर घरी पोचू, असं त्यांच्यातलाच एक जण रेडिओवर म्हणत होता. हे वाचताना आजही जीव तुटतो. तोवर अंधार पडला, समुद्र खवळला. कुणाच्याही टाकीत १० गॅलनहून कमी इंधन उरलं की सगळे एकदमच पाण्यात उतरू, असं टेलरनी सांगितलं.

शोधाला गेलेलं, १३ जणांचं मरिनर विमानही 'गडप' झालं म्हणतात. पण एका टँकरवरच्या लोकांनी आगीचा लोळ पाहिला होता, पाण्यावर तेलाचा तवंगही.

अवशेष अजून सापडलेले नाहीत. कोडं उरलंय ते एवढंच: ती ५ विमानं नेमकी कुठे बुडाली?