लाकडी बॅट की अ‍ॅल्युमिनियमची? बेसबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

न्यू जर्सीतल्या आमच्या दुकानाच्या मराठी ग्राहकांना पहिली विनंती: लाकूड की धातू हे ठरवण्याआधी बॅटवरचा शिक्का बघा. लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या स्थानिक बेसबॉल स्पर्धांत, 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना 2018 पासून 'यूएसए बेसबॉल' शिक्क्याची बॅट लागते, हायस्कूलला 'बीबीसीओआर .50'ची (चेंडू बॅटवरून किती उसळावा याची ही मर्यादा). 'यूएसएसएसए 1.15' शिक्क्याची बॅट ट्रॅव्हल टीमच्या (गावोगावी जाऊन खेळणाऱ्या संघांच्या) स्पर्धांसाठी असते, लिटल लीगच्या सामन्यात अंपायर ती बाजूला काढतात. दिसायला सगळ्या सारख्याच, म्हणून ऑनलाइन सेलमधली खरेदी बहुतेक वेळा इथेच फसते. एकसंध लाकडाच्या बॅटला शिक्का लागत नाही. बांबूची बॅट मात्र पट्ट्या चिकटवून बनते, त्यामुळे हायस्कूलमध्ये तिच्यावर शिक्का हवाच.

हे शिक्के आले ते चेंडूच्या वेगामुळे. भरीव लाकडावर आदळल्यावर चेंडू चांगलाच चेपतो आणि त्यात त्याचा बराच जोर वाया जातो. अ‍ॅल्युमिनियमची बॅट आतून पोकळ असते. तिचा पत्रा क्षणभर आत दबून लगेच उसळतो, चेंडू कमी चेपतो आणि जोरात सुटतो. समोर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, उभा असतो, लिटल लीगमध्ये अवघ्या 46 फुटांवर. अमेरिकी कॉलेजांनी 1974 मध्ये धातूच्या बॅटला परवानगी दिली, पुढे या बॅटा फारच वेगवान झाल्या. 2007 मध्ये न्यूयॉर्क शहराने हायस्कूलच्या सामन्यांत त्यांच्यावर बंदी घातली. 2011 पासून कॉलेजांत आणि 2012 पासून हायस्कूलमध्ये 'बीबीसीओआर' सक्तीचा झाला. जपाननेही 2024 पासून शालेय स्पर्धांतल्या धातूच्या बॅटचा जास्तीत जास्त व्यास 67 मिलिमीटरवरून 64 वर आणला आणि पत्रा जाड केला. त्यामुळे आज हायस्कूलच्या धातूच्या बॅटची उसळी लाकडाच्या बरीच जवळ आली आहे.

फरक उरतो तो वजन आणि चुकीच्या फटक्याचा. लाकडी बॅटचं वजन टोकाकडे असतं, ती फिरवायला जड जाते. धातूची लवकर फिरते आणि चेंडू हँडलजवळ लागला तरी कधी कधी इनफिल्डच्या (जवळच्या क्षेत्ररक्षकांच्या) डोक्यावरून जातो. तोच चेंडू लाकडी बॅटवर हाताला झिणझिण्या आणतो, थंडीत तर डोळ्यांत पाणी येतं, आणि बॅट मोडूही शकते. म्हणूनच आमचं ठाम मत आहे की हायस्कूलच्या खेळाडूने सामना धातूच्या बॅटने खेळावा, पण सराव लाकडी बॅटने करावा. चेंडू बॅटवर नेमका कुठे लागला हे लाकूड लपवत नाही. कॉलेजच्या खेळाडूंची उन्हाळी केप कॉड लीग 1985 पासून लाकडी बॅटवरच चालते आणि व्यावसायिक मेजर लीगमध्ये तर दुसरी बॅट चालतच नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलांना मात्र जड बॅट देऊ नका, त्यांना हलकी अ‍ॅल्युमिनियमचीच बरी.

लाकडात मेपल कठीण, अ‍ॅश थोडं लवचीक, बर्च मधलं. मेपल घेताना हँडलवर शाईचा ठिपका शोधा. शाई लाकडाच्या रेषांतून ज्या दिशेला पसरते त्यावरून तंतू सरळ आहेत की तिरके ते कळतं. तिरक्या तंतूंची बॅट लवकर तुटते आणि तुटताना तिचा टोकदार तुकडा उडतो. ठिपका नसेल तर आम्हाला विचारा, आम्ही रेषा दाखवून समजावू. फटका मारताना बॅटवरचा कंपनीचा छाप वर किंवा खाली राहू द्या, समोर नको.

आपल्याकडच्या क्रिकेटच्या सवयीने बरेच बाबा नव्या बॅटला जवसाचं तेल चोळतात. बेसबॉलच्या बॅटवर लाखेचं किंवा पॉलिशचं आवरण असतं, तिला तेलाची आणि ठोकून तयार करण्याची गरज नाही. क्रिकेटमध्ये धातूची बॅट टिकली नाही, हे जुन्या मंडळींना आठवत असेल: 1979 मध्ये पर्थला डेनिस लिली अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला आणि त्यानंतर बॅट लाकडाचीच हवी असा नियम झाला.

बॅट गाडीच्या डिकीत ठेवू नका. कंपोझिट (कार्बन फायबरची) बॅट 60 फॅरनहाइटखाली वापरली तर तडकू शकते, म्हणून मार्च-एप्रिलच्या सरावाला ती घरीच ठेवा. अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडला तर ती सामन्यात चालणार नाही. चेंडू लागलेली बॅट आम्ही परत घेत नाही, म्हणून येताना लीगचे नियम आणि मुलाला किंवा मुलीला सोबत आणा. दुकानात दोन-तीन बॅटा फिरवून बघायला कसलेही पैसे लागत नाहीत.