क्वान्झा वेगळा, जूनटीन्थ वेगळा

अमेरिकेत नव्याने गेलेल्या मराठी माणसाला ऑफिसच्या कॅलेंडरवर दोन अनोळखी नावं भेटतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात क्वान्झा आणि १९ जूनला जूनटीन्थ. दोन्हींबद्दल विचारलं की उत्तर एकच मिळतं, ‘काळ्या लोकांचा सण आहे.’ त्यामुळे दोन्ही डोक्यात एकाच खणात जाऊन बसतात आणि जूनमध्ये कुणीतरी सहकाऱ्याला ‘हॅपी क्वान्झा’ म्हणून मोकळं होतं. दुकानदारही या गोंधळात भर घालतात. क्वान्झाचे लाल, काळा, हिरवा हे रंग जूनटीन्थच्या टी-शर्टांवर सर्रास दिसतात. हे रंग मुळात मार्कस गार्वी या काळ्या पुढाऱ्याच्या संघटनेने १९२० मध्ये स्वीकारलेल्या झेंड्याचे. जूनटीन्थ हा गुलामीतून सुटकेचा दिवस, आणि त्याचा स्वतःचा झेंडा लाल, पांढरा आणि निळा आहे, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रध्वजाचेच रंग, आणि मधोमध एक पांढरा तारा. रंगांची ही निवड सहज झालेली नाही. गुलाम आणि त्यांची मुलंबाळं अमेरिकनच होती, हे त्यातून ठासून सांगायचं होतं.

एका वाक्यात सांगायचं तर जूनटीन्थ घडला आणि क्वान्झा घडवला. बाकीचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

आधी जूनटीन्थ. अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमध्ये यादवी युद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ ला लागू झाला, पण तो होता बंड केलेल्या दक्षिणी राज्यांसाठी. तिथे लिंकनचं कुणी ऐकत नव्हतं. उत्तरेचं सैन्य जसजसं पुढे सरकेल तसतशी मुक्ती पुढे सरकणार होती आणि टेक्सास सगळ्यात दूरच्या टोकाला. लुईझियाना, मिसिसिपीकडच्या कित्येक मळेवाल्यांनी तर युद्ध चालू असताना आपले गुलाम टेक्सासमध्ये हलवले, कारण फौज तिथवर यायची नाही असा त्यांचा हिशेब होता. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती जनरल लीने शरणागती पत्करली तरी टेक्सासच्या मळ्यांवर काम होतं तसंच चालू राहिलं. शेवटी १९ जूनला उत्तरेच्या सैन्याचे मेजर जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी गॅल्व्हस्टन बंदरात ‘जनरल ऑर्डर क्रमांक ३’ जारी केली. त्या वेळी टेक्सासमध्ये सुमारे अडीच लाख माणसं गुलामीत होती.

ही गोष्ट बहुतेकदा ‘बातमी पोचायला अडीच वर्षं लागली’ अशी सांगतात. ऐकायला छान वाटते, पण तशी ती फसवी आहे. मालकांना जाहीरनाम्याची पूर्ण कल्पना होती आणि तो गुलामांच्याही कानावर गेलेला होता. उणीव होती ती अंमल करणाऱ्या बंदुकीची. गॅल्व्हस्टनला त्या दिवशी पोचली ती सत्ता.

तो हुकूम मुळातून वाचण्यासारखा आहे, अगदी छोटा आहे. सुरुवातीला म्हटलंय की सर्व गुलाम मुक्त आहेत. जुने मालक आणि जुने गुलाम यांच्यात व्यक्तिगत हक्कांची आणि मालमत्तेच्या हक्कांची संपूर्ण समता राहील, आणि यापुढे त्यांचं नातं मालक आणि पगारी मजूर असं असेल. १८६५ साली टेक्सासमध्ये हे लिहिणं म्हणजे मोठीच गोष्ट. पण पुढच्याच ओळींत सूर बदलतो. मुक्त झालेल्यांनी आहे तिथेच मुकाट्याने राहावं आणि मजुरीवर काम करावं, लष्करी ठाण्यांपाशी गोळा होऊ नये, आळशीपणाने बसून राहिल्यास कुणी पोसणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबलेल्या लोकांना आळसाबद्दल दटावणी, तीही सुटकेच्या हुकुमातच! आणि या दिवशी सगळ्या अमेरिकेतली गुलामी संपली असंही नाही. डेलावेअर आणि केंटकी ही राज्यं दक्षिणेच्या बंडात नव्हती, म्हणून त्यांना जाहीरनामा लागूच नव्हता. तिथली गुलामी डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती झाल्यावर संपली.

पुढच्याच वर्षापासून, म्हणजे १८६६ पासून, टेक्सासमध्ये हा दिवस साजरा व्हायला लागला. तो कसा साजरा करायचा हे कुणी ठरवून दिलं नाही. लोक जमले, प्रार्थना झाली, जाहीरनामा मोठ्याने वाचला गेला, मांस धुरावर भाजलं गेलं. सार्वजनिक बागांत काळ्या लोकांना मज्जाव असायचा, म्हणून ह्यूस्टनमध्ये पाद्री जॅक येट्स आणि इतरांनी १८७२ मध्ये वर्गणी काढून दहा एकर जमीनच विकत घेतली. तिचं नाव इमॅन्सिपेशन पार्क, आणि ती बाग आजही आहे. पुढे टेक्सासचे लोक कामधंद्यासाठी कॅलिफोर्नियाकडे, उत्तरेकडे गेले तसा हा दिवसही त्यांच्याबरोबर गेला. तरीही टेक्सासबाहेरच्या अनेक काळ्या कुटुंबांनाही तो २०२० पर्यंत नावापुरताच ठाऊक होता.

विधी नाही, पण जेवणाचा बेत मात्र पक्का. पंगतीत काहीतरी लाल हवंच. स्ट्रॉबेरी सोडा, जास्वंदीच्या जातीतल्या अंबाडीच्या लाल बोंडांचं सरबत, कलिंगड, मसालेदार लाल सॉसेज, रेड व्हेल्वेट केक. या लाल रंगाबद्दल कुणी सांडलेल्या रक्ताची आठवण सांगतं, कुणी पश्चिम आफ्रिकेतल्या लाल सरबताशी नातं जोडतं. मला दुसरं कारण जास्त पटतं, कारण जिभेची सवय समुद्र ओलांडून टिकते आणि अर्थ तिला मागाहून चिकटतात.

सरकारदरबारी मान मिळायला फार वेळ गेला. टेक्सासने १९७९ मध्ये कायदा करून १९८० पासून राज्याची सुट्टी दिली. फोर्ट वर्थच्या ओपल ली यांनी २०१६ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, राष्ट्रीय सुट्टीच्या मागणीसाठी वॉशिंग्टनच्या दिशेने पदयात्रा काढली. गावोगावी त्या अडीच मैल चालायच्या, अडीच वर्षांच्या उशिराची खूण म्हणून. १७ जून २०२१ ला जो बायडन यांनी कायद्यावर सही केली तेव्हा त्या शेजारी हजर होत्या.

क्वान्झाचा जन्म याच्या अगदी उलट रीतीने झाला. ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत दंगल पेटली, सहा दिवसांत ३४ माणसं मेली. त्या राखेतून उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्यांपैकी एक होते मौलाना करेंगा. त्यांचं म्हणणं होतं की काळ्या माणसाला आधी स्वतःची संस्कृती हवी, राजकारण त्यातून येईल. म्हणून त्यांनी आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या सुगीच्या सणांमधून घटक उचलले, त्यांना स्वाहिली नावं दिली आणि १९६६ च्या डिसेंबरात सात दिवसांचा सण सुरू केला. २६ डिसेंबर ते १ जानेवारी. सात दिवस, सात तत्त्वं, सात मेणबत्त्या, सात मुख्य वस्तू. एका माणसाने बसून आखल्याची खूण इथे जागोजागी दिसते.

मांडणी अशी. टेबलावर चटई अंथरतात, तिच्यावर फळं-भाज्या आणि मक्याची कणसं ठेवतात, घरात जितकी मुलं तितकी कणसं. मूल नसलं तरी एखादं कणीस ठेवतातच, कारण वस्तीतली मुलं सगळ्यांची. मधे किनारा, म्हणजे सात मेणबत्त्यांचं लाकडी स्टँड. मधली मेणबत्ती काळी, डावीकडे तीन लाल, उजवीकडे तीन हिरव्या. पहिल्या संध्याकाळी काळी लावायची, मग रोज एकेक वाढवत आळीपाळीने लाल आणि हिरवी. म्हणजे २८ डिसेंबरला कुणाच्या घरी गेलात तर काळी, एक लाल आणि एक हिरवी अशा तीन जळताना दिसतील. थोरलं माणूस विचारतं, ‘हबारी गानी?’ म्हणजे काय खबर? याचं उत्तर त्या दिवसाचं तत्त्व. त्या दिवशी म्हणायचं ‘उजिमा’, एकत्र काम आणि एकमेकांची जबाबदारी. त्याआधीच्या दोन दिवसांचं एकी आणि आपली ओळख आपण ठरवणं, नंतरच्या चार दिवसांचं सहकारी अर्थकारण, उद्दिष्ट, सर्जन आणि श्रद्धा. चौथ्या दिवसाचं ‘उजामा’ हे नाव टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे त्या काळी आपल्या समाजवादासाठी वापरत होते, यावरून सण कुठल्या वातावरणात तयार झाला ते कळतं. एका पेल्यातून पूर्वजांच्या नावाने पाणी सोडतात, मग तोच पेला सगळ्यांमध्ये फिरतो. ३१ डिसेंबरला ‘करामू’ ही मोठी पंगत असते. गंमत म्हणजे इतका काटेकोर विधी असलेल्या या सणाला ठराविक पदार्थ नाही. कॅरिबियन, पश्चिम आफ्रिकी, अमेरिकी दक्षिणेतलं, जो जे आणेल ते. जूनटीन्थला पदार्थ आहे आणि विधी नाही, इथे बरोबर उलटं.

क्वान्झावर टीका भरपूर होते आणि तिच्यात तथ्य आहे. मका हे मूळचं अमेरिका खंडाचं पीक. स्वाहिली पूर्व आफ्रिकेची भाषा, तर अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेल्या बहुतेकांचे पूर्वज पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले. करेंगांचं चरित्रही अडचणीचं आहे. त्यांच्या ‘अस’ (म्हणजे ‘आपण’) संघटनेचं काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाशी वैर होतं आणि जानेवारी १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात झालेल्या गोळीबारात दोन पँथर कार्यकर्ते मारले गेले. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आदींनी १९७२ मध्ये मुंबईत ज्यांच्यावरून दलित पँथरचं नाव घेतलं, तेच हे पँथर. पुढे १९७१ मध्ये आपल्याच संघटनेतल्या स्त्रियांवरच्या अत्याचाराबद्दल करेंगांना शिक्षा झाली. सुटल्यावर ते प्राध्यापक झाले. सण निर्मात्यापेक्षा मोठा झाला का, याचं उत्तर तो घरी साजरा करणारी कुटुंबंच देऊ शकतात. मला मात्र ‘बनावट सण’ हा आक्षेप पोकळ वाटतो. ज्यांची भाषा, आडनावं आणि गावं पुसून टाकली गेली त्यांनी परंपरा जपायची म्हटलं तर कोणती जपायची? त्यांना ती नव्याने मांडावीच लागणार होती.

धर्माचा प्रश्नही इथे येतो. सुरुवातीला करेंगांनी नाताळला पर्याय म्हणून क्वान्झा मांडला, पण बहुसंख्य काळी कुटुंबं ख्रिस्ती. नंतर त्यांनीच भूमिका बदलली आणि हा धार्मिक सण नाही, कुणाच्या धर्माला पर्याय नाही, असं स्पष्ट केलं. आता एकाच घरात नाताळचं झाड आणि किनारा शेजारी शेजारी असतात. (किनारा पाहून काहींना ज्यूंच्या हनुक्काची मेणबत्त्यांची दीपमाळ आठवते. तिला नऊ शाखा असतात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.) १९९७ मध्ये क्वान्झाचं टपाल तिकीट निघालं, पण राष्ट्रीय सुट्टी नाही.

दोन्हींचे धागे एका तारखेला मात्र जवळ येतात. ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री जाहीरनामा लागू होण्याची वाट पाहत काळे लोक चर्चमध्ये जागले. ती जागरणाची प्रथा अनेक चर्चमध्ये आजही चालू आहे आणि तीच करामूची रात्र. त्याआधीची १ जानेवारी गुलामांसाठी धसक्याची असायची, कारण वर्षाचे व्यवहार मिटवताना माणसं भाड्याने दिली किंवा विकली जायची. आज त्या दिवशी दक्षिणेत चवळी आणि भात शिजतो, क्वान्झा पाळणाऱ्या घरांतही आणि न पाळणाऱ्यांतही.

बाजाराने दोन्हींना गाठलंच आहे. २०२२ मध्ये वॉलमार्टने जूनटीन्थ आईस्क्रीम आणलं आणि लोक भडकल्यावर माफी मागून मागे घेतलं. क्वान्झात भेटवस्तू शक्यतो हाताने केलेल्या असाव्यात आणि मुलांना पुस्तक द्यावं असा दंडक आहे, तो मुळात या खरेदीच्या लाटेला अडवण्यासाठीच.

तेव्हा व्यवहारातलं थोडं. १९ जूनला ‘हॅपी जूनटीन्थ’ म्हणायला हरकत नाही, सुट्टी सगळ्यांचीच आहे. क्वान्झाच्या शुभेच्छा मात्र केवळ रंग पाहून देऊ नका. बहुसंख्य काळे अमेरिकन तो पाळत नाहीत, आणि न विचारता दिलेल्या शुभेच्छा कधी कधी टोचतात. पाळणाऱ्याने घरी बोलावलं तर त्याच्या मुलांसाठी एखादं पुस्तक न्या, पेला आपल्यापर्यंत आला की घोटभर घ्या. जूनच्या पंगतीला बोलावणं आलं तर कोकम सरबत न्यायला हरकत नाही, रंगाने ते तिथे शोभून दिसेल. आणि ह्यूस्टनची मराठी मंडळी समुद्र बघायला गॅल्व्हस्टनला जातातच, तर तिथल्या स्ट्रँड भागातल्या भिंतीवरचं मोठं चित्रही पाहून यावं. त्या हुकुमातले ‘संपूर्ण समता’ हेच शब्द त्याचं शीर्षक आहे.