इंच मोठे की पिक्सेल जास्त? लॅपटॉप घेताना होणारा गोंधळ

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर माझे मामा हिशेब बघतात. दिवाळीत त्यांनी 15.6 इंची लॅपटॉप घेतला. मोठा स्क्रीन, सगळी पट्टी (शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब) एका नजरेत दिसेल, एवढाच विचार. घरी एक्सेल उघडलं तर पोती, वजन, दर, हमाली, तोलाई सगळं दिसतंय आणि 21वा, निव्वळ रकमेचा कॉलम उजवीकडे बाहेर गेलेला. माझ्या 14 इंची लॅपटॉपवर तीच शीट पूर्ण बसली. मामांना वाटलं, आपण फसलो.

लॅपटॉपमध्ये बिघाड काहीच नव्हता. इंच म्हणजे स्क्रीनची एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी लांबी. काच केवढी, एवढंच त्यातून कळतं. त्या काचेवर किती ठिपके, म्हणजे पिक्सेल, आहेत ते रिझोल्यूशन सांगतं. मामांचा स्क्रीन 1366 × 768 चा, म्हणजे साधारण साडेदहा लाख पिक्सेल. माझा फुल एचडी, 1920 × 1080, म्हणजे वीस लाखांच्या वर. काच लहान, ठिपके जवळजवळ दुप्पट. एक्सेलचा न बदललेला कॉलम 64 पिक्सेलचा असतो, त्यामुळे मामांच्या स्क्रीनवर असे 20 कॉलम मावतात आणि फुल एचडीवर, अक्षरं मोठी केलेली नसतील तर, 29.

मराठीत काम करणाऱ्यांनी तर याकडे नीट बघावं. मामांच्या स्क्रीनवर इंचाला साधारण 100 पिक्सेल पडतात, माझ्यावर 157. बारीक टाईपात ‘कैलास’ लिहिलं की त्यांच्याकडे दोन मात्रा एकमेकींना चिकटतात, ‘खर्च’वरचा रफार आणि ‘अंक’वरचा अनुस्वार नुसते डाग वाटतात. दिवसभर नावं वाचणाऱ्याच्या डोळ्यांना हा त्रास होतोच.

आता इथे एक मेख आहे, आणि दुकानात ती सहसा कोणी सांगत नाही. 14 इंचात फुल एचडी म्हटल्यावर अक्षरं फार बारीक होतात, म्हणून विंडोज स्केलिंग, म्हणजे सगळं किती टक्के मोठं दाखवायचं ते प्रमाण, वाढवतं. 150 टक्के केलं की अक्षरं मोठी आणि रेखीव होतात, पण जागा उरते 1280 × 720 एवढीच, म्हणजे मामांच्या स्क्रीनपेक्षाही कमी! माझं 125 टक्क्यांवर आहे म्हणून 21 कॉलम बसले. चाळिशीनंतर 125 वर वाचायला जड जात असेल, तर फुल एचडी हवंच, पण 15.6 किंवा 16 इंचात घ्या. इंच तेव्हा कामाला येतात.

1920 × 1200 मिळत असेल तर तो घ्यावा, असं माझं मत. उभ्यात 120 पिक्सेल वाढतात, चार-सहा ओळी जास्त दिसतात. 14 इंचात फोर-के (3840 × 2160) हिशेबाच्या कामाला मला गरजेचं वाटत नाही. बॅटरी मात्र जास्त खातं.

पॅनेलचा, म्हणजे आतल्या पडद्याचा, प्रकार (टीएन की आयपीएस) ही वेगळीच बाब, पण दुकानात अर्ध्या मिनिटात तपासता येते. झाकण पुढे-मागे कलवा. रंग फिके पडले किंवा उलटे-काळपट झाले तर तो बहुधा टीएन, फारसे बदलले नाहीत तर आयपीएस. पेढीवर शेतकरी शेजारी उभा राहून आपली पट्टी बघतो, त्यालाही आकडे स्पष्ट दिसायला हवेत, म्हणून मामांना मी आयपीएसच सांगितला. आणि दुकानात जाताना स्वतःची शीट पेनड्राइव्हवर घेऊन जायला.