नॉर्वेची ग्रुप ट्रिप कमी खर्चात: शेंगेन व्हिसाचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

सहा-आठ मित्रमैत्रिणींनी किंवा दोन-तीन कुटुंबांनी मिळून आठवडाभरात नॉर्वेचे फ्योर्ड (उंच कड्यांमधल्या समुद्राच्या अरुंद खाड्या) बघून यायचं, खर्च वाटून घ्यायचा, हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात खिचडी टाकायची, हा बेत जमण्यासारखा आहे. तो अडतो व्हिसाच्या फाईलवर. मित्रांनी मिळून काढायचा एकत्रित पर्यटन व्हिसा आपल्याला मिळत नाही. सहा जण असाल तर सहा अर्ज, सहा वेळा फी आणि सहा वेगळे निर्णय. पाच जणांना व्हिसा मिळून सहाव्याचा नाकारला गेला, असं घडू शकतं आणि घडतं. त्यामुळे प्रत्येकाची फाईल स्वतःच्या बळावर उभी राहायला हवी आणि सगळ्यांच्या फाईलींत प्रवास मात्र तारखेनिशी एकच दिसायला हवा. ग्रुपचे अर्ज बहुतेक वेळा या दुसऱ्या गोष्टीत घसरतात.

अर्ज कोणत्या देशाकडे

नॉर्वे आणि आइसलँड युरोपीय संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहेत. डेन्मार्क, स्वीडन आणि फिनलंडही आहेत. एका शेंगेन व्हिसावर हे पाचही देश फिरता येतात. मर्यादा कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांची असून उतरण्याचा आणि निघण्याचा दिवसही त्यात मोजला जातो.

जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. कोपनहेगनला दोन रात्री आणि नॉर्वेत सहा रात्री असतील तर अर्ज नॉर्वेकडे, विमान आधी कोपनहेगनला उतरत असलं तरी. मुक्काम समसमान असेल तर ज्या देशातून पहिल्यांदा आत शिरणार, त्याच्याकडे. ‘अमुक देश लवकर व्हिसा देतो’ असं ऐकून भलतीकडे अर्ज टाकू नका. मुक्कामाचा हिशेब कागदावर उघड दिसतो.

ग्रुपमध्ये एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. सहा जण नॉर्वेत सहा रात्री राहणार आणि त्यातले दोघं पुढे पॅरिसला आठ रात्री जाणार असतील, तर त्या दोघांचा मुख्य देश फ्रान्स ठरतो. त्यांनी अर्ज फ्रान्सकडेच करायचा, बाकी चौघांचा नॉर्वेकडे.

दुसरी गोष्ट स्वालबार्डची. हा द्वीपसमूह नॉर्वेचाच, पण शेंगेनच्या बाहेर. उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोहून स्वालबार्डच्या लाँगइयरबीन गावाला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद होते आणि परतताना पुन्हा प्रवेश करावा लागतो. एकच प्रवेश असलेला व्हिसा असेल तर परतीची वाट बंद. असा बेत असल्यास अर्जातच एकाहून अधिक प्रवेशांची मागणी करा. फेरो बेटं आणि ग्रीनलंडही शेंगेनबाहेर आहेत. त्यांच्यासाठी डेन्मार्कने दिलेला, त्या बेटांचा वेगळा उल्लेख असलेला व्हिसा लागतो.

कधी आणि कसा

प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि शेवटची मर्यादा १५ दिवसांची. साधारण निर्णय १५ दिवसांत लागतो, पण छाननी वाढली तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतो. सहा जणांत एकाची छाननी लांबली की सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो, म्हणून दोन-अडीच महिने हातात ठेवून अर्ज करणं शहाणपणाचं. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणंच अवघड होतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायचं असेल तर जूनअखेर फाईल जमा झालेली बरी. पासपोर्ट तेवढे दिवस तिकडे अडकून राहतो. मधल्या काळात कुणाचा दुबईचा दौरा किंवा कंपनीचं परदेशी काम असेल तर ते आधी विचारून घ्या.

नॉर्वेचा अर्ज यूडीआय या त्यांच्या परदेशी नागरिक खात्याच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो. खातं उघडायचं, माहिती भरायची, फी कार्डाने तिथेच भरायची. मग तयार होणारं कव्हर लेटर छापून त्यावर सही करायची आणि व्हीएफएस ग्लोबलच्या केंद्रात वेळ घ्यायची. व्हीएफएस फक्त कागद आणि बोटांचे ठसे गोळा करतं. व्हिसा द्यायचा की नाही हे दूतावास ठरवतो, त्यामुळे काउंटरवर ‘सगळं बरोबर आहे ना, मिळेल ना?’ या प्रश्नाला काही अर्थ नाही.

११ जून २०२४ पासून फी मोठ्यांसाठी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. सहा वर्षांखालच्यांना फी नाही. व्हीएफएसचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. ग्रुपचं बजेट मांडताना ही रक्कम ‘गेलेली’ धरूनच चाला.

दहाही बोटांचे ठसे घेतले जातात आणि ते ५९ महिने चालतात. ग्रुपमधलं कुणी त्या मुदतीत शेंगेनला जाऊन आलं असेल तर जुन्या व्हिसाची प्रत फाईलला लावा. १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत.

पासपोर्ट आणि नाव

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा, शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पार्श्वभूमी फिकट, चेहरा फोटोचा ७० ते ८० टक्के भाग व्यापणारा. जुन्या पासपोर्टसाठी काढून ठेवलेला फोटो चालवून घेऊ नका.

नावाचा घोळ आपल्याकडे जास्त होतो. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव वेगळ्या रकान्यात. तिकीट काढणारा मित्र मधलं नाव गाळतो, हॉटेलच्या बुकिंगवर घरचं लाडकं नाव पडतं आणि बँकेत अजून माहेरचं आडनाव असतं. अर्ज, तिकीट आणि विमा या तिन्हींत पासपोर्टवरचंच स्पेलिंग अक्षर न अक्षर उतरवा. बँकेतलं नाव वेगळं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत सोबत द्या.

प्रवासाचा आराखडा

तारीख, मुक्कामाचं ठिकाण, कसं जाणार आणि त्या रात्रीचं बुकिंग, एवढं एका पानावर मावतं. एक माणूस हा तक्ता बनवतो आणि सगळे तोच जोडतात. आठ दिवसांचा कमी खर्चाचा एक नमुना पाहा. ऑस्लोला दोन रात्री. मग बर्गनच्या रेल्वेने मिरडालपर्यंत (वाटेत १,२२२ मीटर उंचीवरचं फिन्से स्थानक येतं), तिथून फ्लोमची छोटी गाडी, जी २० किलोमीटरमध्ये ८६६ मीटर खाली उतरते. फ्लोमला दोन रात्री. बोटीने नेरोयफ्योर्डमधून गुडवांगेन, बसने व्हॉस आणि पुढे रेल्वेने बर्गनला तीन रात्री. एकूण सात रात्री. मग बुकिंग सातही रात्रींचं हवं. सहाच रात्री दिसल्या तर सातव्या रात्री कुठे, हा प्रश्न उठणारच.

हॉस्टेल किंवा अपार्टमेंट एकाच्या नावावर बुक होतं, पण दूतावासाला बाकी पाच जण त्यात दिसत नाहीत. बुकिंग करताना सगळ्यांची नावं घाला. साइटवर सोय नसेल तर हॉस्टेलला ईमेल करून सहाही नावांचं पत्र मागवा. ते सहसा देतात. बुकिंग मोफत रद्द करता येणारं घ्या, पण निर्णय येईपर्यंत रद्द करू नका. खातरजमा केली जाते.

तंबूत राहणाऱ्यांसाठी नॉर्वे फार उदार देश आहे. १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात कुणालाही तंबू ठोकता येतो. अट एवढीच की जवळच्या राहत्या घरापासून १५० मीटर अंतर ठेवायचं आणि एका जागी परवानगीशिवाय दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचं नाही. पण व्हिसाच्या फाईलमध्ये सातही रात्री ‘रानात तंबू’ लिहिल्यास पटवून देणं कठीण. निदान पहिल्या, शेवटच्या आणि शहरातल्या रात्रींची पक्की बुकिंगं द्या. तंबूच्या रात्रींसाठी कॅम्पसाइटचं आरक्षण जोडा. ते हॉस्टेलहूनही स्वस्त पडतं.

विमानाचं परत न मिळणारं तिकीट व्हिसाआधी काढायची गरज नाही. जाण्या-येण्याचं आरक्षण पुरतं. मात्र कुणी शंभर-दोनशे रुपयांत ‘डमी तिकीट’ बनवून देतो म्हणाला आणि ते एअरलाइनच्या यंत्रणेत सापडलं नाही, तर तो खोटा कागद ठरतो. बाकी फाईल कितीही चांगली असली तरी मग उपयोग नाही.

विम्यात किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण हवं, तातडीचे उपचार आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च त्यात असायला हवा, आणि तो सर्व शेंगेन देशांत चालायला हवा. फक्त ‘नॉर्वे’ लिहिलेली पॉलिसी चालत नाही. तारखा मुंबईहून निघण्याच्या दिवसापासून परत उतरण्याच्या दिवसापर्यंत घ्या.

पैसे: इथेच बहुतेक फाईली अडतात

नॉर्वेचा नियम साधारणपणे माणशी दररोज ५०० क्रोन (नॉर्वेचं चलन) दाखवायचा आहे. आठ दिवसांचे ४,००० क्रोन. क्रोन ९ रुपयांचा धरला तर ३६,००० रुपये. हा तिथल्या खर्चाचा किमान आकडा. खात्यात बरोब्बर तेवढेच असतील तर ट्रिप संपताना माणूस कफल्लक होणार असं दिसतं. विमान, मुक्काम आणि रेल्वे धरून जो खर्च येणार आहे तो वजा करूनही घर चालेल एवढी शिल्लक दिसली पाहिजे.

शिलकीपेक्षा खात्याची चाल जास्त बोलते. तीन महिन्यांचं स्टेटमेंट (सहा महिन्यांचं दिलेलं चांगलं) बँकेच्या शिक्क्यानिशी द्या. त्यात दरमहा पगार येतोय, हप्ते जातायत, थोडी शिल्लक साठतेय, हे दिसावं. महिनाभर शिल्लक चार हजारांवर आणि अर्जाच्या दहा दिवस आधी एकदम दोन लाख जमा, हे उसन्या पैशाचं लक्षण मानलं जातं. रक्कम खरोखर तुमची असेल, म्हणजे भिशी लागली, एफडी मोडली, बोनस आला, तर त्याचा पुरावा आणि दोन ओळींचं स्पष्टीकरण जोडा. भिशीची नोंदवही सहसा कच्ची असते, म्हणून रक्कम रोख न घेता बँकेतून घेतलेली बरी.

ग्रुपची सगळ्यांत मोठी चूक म्हणजे ट्रिपचे पैसे आधीच एकाच्या खात्यात गोळा करणं. पाच जणांची खाती रिकामी होतात आणि सहाव्याच्या खात्यात कुठून आलेत कळत नाहीत असे चार-पाच लाख दिसतात. सहाही फाईली एका झटक्यात कमकुवत. व्हिसा हातात येईपर्यंत प्रत्येकाचे पैसे प्रत्येकाच्या खात्यात राहू द्या. हॉस्टेलची आगाऊ रक्कम एकाने भरली असेल तर ‘खर्च सहा जणांत समान वाटला जाईल’ असं प्रत्येकाच्या पत्रात लिहा.

परत येणार याचा पुरावा

नोकरदारांनी तीन महिन्यांच्या पगारपावत्या, आयकर विवरणपत्र आणि कंपनीच्या लेटरहेडवरचं रजा मंजुरीचं पत्र द्यावं. पत्रात पद, रुजू झाल्याची तारीख, पगार, रजेच्या नेमक्या तारखा आणि सही करणाऱ्याचा फोन नंबर हवा. रजा ३ ते ९ तारखेची आणि तिकीट ११ तारखेच्या परतीचं, ही विसंगती फार दिसते. सरकारी नोकरांनी खात्याची परदेशप्रवासाची परवानगी आधी घ्यावी, ती मिळायला वेळ लागतो. व्यवसाय असेल तर गुमास्ता किंवा उद्यम नोंदणी, जीएसटीचे कागद आणि धंद्याच्या खात्याचं स्टेटमेंट. निवृत्तांनी पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि ज्या खात्यात पेन्शन जमा होते त्याचं स्टेटमेंट.

शेतीवर घर चालणाऱ्यांकडे आयकराचे कागद नसतात, कारण शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. म्हणून फाईल कच्ची ठरत नाही. सातबारा, आठ-अ, कारखान्याची ऊसबिलं किंवा बाजार समितीच्या पट्ट्या आणि ते पैसे जमा झालेलं खातं, असा संच लावा. वर्षातून दोनदाच मोठी रक्कम का येते हे पत्रात स्पष्ट करा, नाहीतर तीच रक्कम संशयाची ठरते. मराठी कागदांचा इंग्रजी अनुवाद जोडावाच लागतो.

विद्यार्थ्यांचा खर्च आईवडील करणार असतील तर त्यांचं पत्र, त्यांचं स्टेटमेंट, नात्याचा पुरावा म्हणून जन्मदाखला आणि कॉलेजचं बोनाफाईड. १८ वर्षांखालच्यांसोबत आईवडिलांपैकी एकच जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र आणि त्यांच्या पासपोर्टची प्रत लागते. मामा किंवा काकांबरोबर पाठवत असाल तर दोघांचंही.

निर्णय आल्यावर

पासपोर्ट मिळताच स्टिकर तिथेच वाचा: नावाचं स्पेलिंग, वैधतेच्या तारखा, मुक्कामाचे दिवस आणि प्रवेशांची संख्या (०१, ०२ किंवा अनेक). वैधता महिनाभराची पण दिवस १० असतील तर राहायचे दहाच. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नियमाने वापरलेल्या भारतीयांना एप्रिल २०२४ पासूनच्या नियमानुसार दोन वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. त्यामुळे ग्रुपमध्ये कुणाला दोन वर्षं आणि कुणाला वीस दिवस मिळाले तर गोंधळून जाऊ नका.

नकार आला तर पत्रात ठरावीक कारणांपैकी खूण केलेली असते. नॉर्वेच्या निर्णयावर तीन आठवड्यांच्या आत दूतावासामार्फत अपील करता येतं आणि ते यूडीआयकडे जातं. कारण ‘पैशांचा पुरावा अपुरा’ असं असेल आणि नवे कागद हाताशी असतील, तर त्रुटी दुरुस्त करून नवा अर्ज करणं सहसा जलद पडतं. पुढच्या अर्जात आधीचा नकार लपवू नका, तो त्यांच्या नोंदीत असतो.

विमान ज्या शेंगेन शहरात आधी उतरतं, तिथेच इमिग्रेशन होतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे नवी संगणकीय नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे रांगेला जास्त वेळ धरा आणि पुढच्या विमानात किमान तीन तासांचं अंतर ठेवा. तिकिटं, बुकिंग आणि विमा यांची छापील प्रत प्रत्येकाच्या स्वतःच्या हातबॅगेत असावी. अधिकारी एकेकाला विचारतो, तेव्हा ‘सगळं त्या पुढच्या मित्राकडे आहे’ हे उत्तर चालत नाही. आणि डब्यातलं तूप, पेढे, दूध पावडर घरीच ठेवा. युरोपबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. भाजणी, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी मात्र खुशाल न्या.