वाफा येताहेत, पण किती अंशांच्या?

विमानाला चार तास उशीर झाला आणि त्या निमित्ताने एक छान प्रयोग डोळ्यांसमोर पाहायला मिळाला. विमानतळावरच्या लाउंजमध्ये मी भाताच्या चेफिंग डिशपाशी (खालच्या गरम पाण्याने अन्न गरम ठेवणारं झाकणाचं भांडं) ताटली घेऊन उभा होतो. वाढप सांभाळणारी मुलगी आली. तिने खिशातून सळईसारखा थर्मामीटर काढला, अल्कोहोलच्या बोळ्याने पुसला आणि भाताच्या मधोमध खुपसला. आकडा चढत चढत ५४ वर थांबला. मग कडेला खुपसून पाहिलं, तिथे ६६. तिने अख्खा पॅन उचलला आणि आत नेला. माझ्या मागचे गृहस्थ वैतागले, "अहो, वाफा येताहेत की चांगल्या! नेताय कशाला?"

त्यांचा समज आपल्यापैकी बहुतेकांचा असतो, म्हणून हा लेख.

खरी वाफ दिसतच नाही. आपल्याला दिसतो तो पांढरा धूसरपणा म्हणजे वाफ गार हवेत शिरल्यावर तिचे झालेले पाण्याचे बारीक थेंब. तो दिसतो की नाही, हे अन्नाच्या तापमानाइतकंच भोवतालच्या हवेवर अवलंबून असतं. लाउंजच्या वातानुकूलित गारव्यात ४५-५० अंश सेल्सिअसच्या ओलसर पदार्थावरही झकास वाफा दिसतात. आणि ४५ अंश हे काही जंतूंचं सगळ्यात लाडकं तापमान आहे. गरम ठेवलेलं अन्न ६० अंशांच्या वर आणि गार ठेवलेलं ५ अंशांच्या खाली असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. काही देशांच्या नियमांत हा वरचा आकडा ५७ आहे, काहींत ६३. ५४ अंशांवर लगेच काही बिघडत नाही, पण तो आकडा उताराला लागलेला असतो आणि उताराच्या पायथ्याशी ४५ असतं.

पण पॅन टेबलावर येतो तेव्हा त्याची निम्मी कहाणी घडून गेलेली असते. लाउंजमागची जागा बऱ्याचदा पूर्ण स्वयंपाकघर नसतेच. टर्मिनलच्या पोटात धूर बाहेर काढायला मोठे डक्ट नेणं अवघड, उघड्या ज्योतीवर अनेक ठिकाणी बंधनं, आत येणाऱ्या प्रत्येक खोक्याची सुरक्षा तपासणी आणि सुऱ्या मोजून दिलेल्या, कुठे कुठे तर साखळीने टेबलाला बांधलेल्या. त्यामुळे बरंचसं अन्न बाहेरच्या मोठ्या किचनमध्ये शिजतं, तिथेच थंड केलं जातं, गाडीतून येतं आणि लाउंजमध्ये ओव्हनमध्ये पुन्हा गरम होतं. गरम, गार, गरम. आपलं सगळं लक्ष शेवटच्या 'गरम'वर असतं. माझ्या मते खरी परीक्षा मधल्या 'गार'ची आहे.

अन्न उकळलं म्हणजे त्यातले सगळे जंतू मेले, असं आपण धरून चालतो. हा भ्रम दीडशे वर्षांपूर्वीच मोडला. फर्डिनांड कोन या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये दाखवलं की काही जीवाणू बीजाणू बनवतात आणि ते बीजाणू उष्णतेला दाद देत नाहीत. त्याच सुमारास जॉन टिंडल हा शास्त्रज्ञ वाळक्या गवताच्या काढ्याने हैराण झाला होता, कितीही उकळला तरी तो नासायचा. १८७७ मध्ये त्याला तोड सापडली. एकदाच खूप वेळ उकळण्याऐवजी थोडा थोडा वेळ, पण मध्ये खंड पाडत पुन्हा पुन्हा उकळायचं. खंड पडला की बीजाणू जागे होतात, आणि जागा झालेला जीवाणू उकळीत मरतो.

बीजाणू म्हणजे जीवाणूने स्वतःला सुकवून, गाभ्यातलं पाणी कमी करून, कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्लाने भरून घातलेलं कडीकुलूप. गंमत अशी की शिजवण्याची उष्णता हे कुलूप तोडत नाही, उलट बऱ्याच बीजाणूंना जागं व्हायची चिथावणी देते. शिवाय शिजताना स्पर्धक जंतू मरतात आणि रश्श्यातला प्राणवायू निघून जातो. प्राणवायू न मानवणाऱ्या क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससाठी याहून चांगली तयारी कोणी करून दिली नसती! आता फक्त भांडं सावकाश निवायला हवं. ४५ अंशांच्या आसपास, सगळं मनासारखं असेल तर, हा जीवाणू दहाएक मिनिटांत दुप्पट होतो. एका ग्रॅममध्ये एक पेशी धरा. वीस वेळा दुप्पट झाली की दहा लाख अठ्ठेचाळीस हजार, तेही साडेतीन तासांच्या आत. प्रत्यक्षात सुरुवातीला तो थोडा रेंगाळतो, एवढाच दिलासा.

मग भांडं निवतं किती वेळात? इथे मला फ्रेंच गणिती जोसेफ फुरिए आठवतो. त्याने १८२२ मध्ये उष्णतेच्या वहनाचं जे गणित छापलं, ते आजही प्रत्येक शीतगृहात लागू पडतं. त्याचं सार असं: दाट पदार्थाचा मध्य निवायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, तर वेळ चौपट. पाणीदार अन्नाची उष्मा-विसरणशीलता, म्हणजे उष्णता त्यातून किती वेगाने पसरते याचं माप, साधारण ०.१४ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद. पाच सेंटिमीटरचा थर दोन्ही बाजूंनी गार होतोय असं धरा. मध्यापासून पृष्ठभाग २५ मिलिमीटरवर, त्याचा वर्ग ६२५, भागिले ०.१४, म्हणजे सुमारे ४,५०० सेकंद, सव्वा तास. एवढ्या वेळात मध्य आणि बाहेरची गार हवा यांतला फरक एक दशांशावर येतो, म्हणजे ७० अंशांचा मध्य ३ अंशांच्या हवेत १० अंशांपर्यंत उतरतो. हाही आदर्श हिशेब, कारण पृष्ठभाग पहिल्या क्षणापासून हवेइतकाच गार मानलाय. आता तोच भात वीस सेंटिमीटर खोल पातेल्यात ठेवा. जाडी चौपट, वेळ सोळापट. वीस तास!

फ्रिज कितीही दणकट आणा, पातेल्याच्या मध्याला त्याची खबरच लागत नाही. म्हणूनच शहाण्या किचनमध्ये शिजलेलं अन्न आधी उथळ पॅनमध्ये पसरतात आणि ब्लास्ट चिलरमध्ये थंडगार हवेच्या झोतात ठेवतात. दीड तासात ७० वरून ३ अंशांवर, हा तिथला नावाजलेला निकष. पॅन ६५ मिलिमीटर खोल आणि भरायचा पाच सेंटिमीटरपर्यंत, यामागे फुरिएचा वर्ग उभा आहे.

"पण शेवटी पुन्हा गरम करतात ना?" हो, आणि ७४-७५ अंशांपर्यंत आतून नीट गरम केलं तर परफ्रिंजेन्सच्या जाग्या पेशी मरतात. पण भातात रमणाऱ्या बॅसिलस सिरियसचं एक विष आहे, सेरेउलाइड. ते १२१ अंशांवर दीड तास ठेवूनही टिकतं. जंतू मरतो, विष राहतं. १९७५ च्या फेब्रुवारीत टोकियोहून अँकरेज, कोपनहेगनमार्गे पॅरिसला निघालेल्या एका विमानात दोनशेच्या जवळपास माणसं आजारी पडली, ती अशाच कारणाने. तिथे जंतू दुसरा होता, स्टॅफिलोकॉकस. स्वयंपाक्याच्या बोटावरच्या जखमेतून तो हॅम-ऑम्लेटमध्ये गेला, ती ऑम्लेटं कित्येक तास पुरेशी गार न करता राहिली, विमानात गरमही केली गेली, आणि उष्णतेला न जुमानणारं विष तसंच राहिलं. वासाला, चवीला काहीही कळत नाही, म्हणून हुंगून पाहण्यात अर्थ नाही.

इथे '९९.९ टक्के जंतू मारणाऱ्या' लेपांच्या भांड्यांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. दहा लाखांतले ९९.९ टक्के मेले तर हजार उरतात. दहा मिनिटांत दुप्पट होणाऱ्या जंतूला हजाराचे पुन्हा दहा लाख करायला शंभर मिनिटं लागतात. जाहिरातीतल्या त्या तीन नवांची किंमत एवढीच, शंभर मिनिटं. आणि लेप भांड्याला असतो, भाताच्या मध्याला नव्हे.

आता त्या ५४ अंशांकडे. चेफिंग डिशच्या खाली गरम पाणी असतं, ते पॅनचा तळ आणि कडा तापवतं. वरचा पृष्ठभाग उघडा पडला की बाष्पीभवन सुरू. एक ग्रॅम पाणी उडून जाताना साधारण २,३०० जूल उष्णता घेऊन जातं, तेवढ्यात ५५ ग्रॅम सूप १० अंशांनी उतरतं. सूप निदान ढवळलं की खालची उष्णता वर येते. भात जागचा हलत नाही, त्याच्या मध्याला तळाकडून उष्णता पाझरत यावी लागते, आणि वरून गळती चालूच. त्यात विमानाला उशीर झाला की लाउंजमध्ये माणसं उठत नाहीत, नवी येत राहतात, आणि झाकण सारखं उघडं. चेफिंग डिश गरम अन्न गरम ठेवण्यापुरतीच असते. गार झालेलं तापवायची तिची ताकद नाही, म्हणून पॅन उचलून आत न्यावाच लागतो.

दहा मिनिटांनी ती मुलगी नवा पॅन घेऊन आली. जुन्यावर नवा भात ओतलेला नव्हता, पूर्ण वेगळा पॅन होता, जेमतेम पाच सेंटिमीटर भरलेला. मधोमध थर्मामीटर, ७६. तिने भिंतीवरच्या तक्त्यावर वेळ लिहिली आणि झाकण लावलं. मागच्या गृहस्थांनी ते उघडून भात घेतला. मी त्यांच्यानंतर घेतला आणि झाकण पुन्हा लावलं.