मानव विकास निर्देशांक

माणसे किती जगतात, किती शिकतात आणि त्यांच्या हाती किती पैसा येतो, या तीन गोष्टी एका आकड्यात बसवून देशांची तुलना करणारे माप. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९९० साली पहिल्या मानव विकास अहवालात ते मांडले. आकडा ० ते १ यांच्या दरम्यान असतो. ०.८०० वा त्याहून अधिक असल्यास देश ‘अतिउच्च’ गटात आणि ०.५५०च्या खाली असल्यास ‘निम्न’ गटात धरतात.

त्याआधी देश किती पुढे गेला हे दरडोई उत्पन्नावरून ठरवत. त्यातली फसगत महबूब उल हक यांनी जवळून पाहिली होती. जम्मूत जन्मलेले हे पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ लष्करशहा अयूब खान यांच्या काळात तिथल्या नियोजन आयोगात होते. वाढीचे आकडे चांगले होते, पण देशातल्या उद्योगांची मोठी मालकी २२ घराण्यांकडे असल्याचे त्यांनी १९६८ साली जाहीरपणे सांगितले. पुढे निर्देशांक करताना त्यांनी केंब्रिजपासूनचे मित्र अमर्त्य सेन यांना सोबत घेतले. माणसाचे आयुष्य एका आकड्यात कोंबणे सेन यांना पटत नव्हते. उत्पन्नाच्या आकड्याला हटवायचे तर तितकाच ढोबळ, पण माणसाकडे पाहणारा आकडा लागेल, असे हक यांचे म्हणणे. ते बरोबर निघाले. तक्ते कितीही दिले तरी लोकांच्या लक्षात राहतो तो क्रमांकच.

या वाटेवर आधी मॉरिस डी. मॉरिस यांचे पाऊल पडले होते. मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांचा इतिहास अभ्यासणाऱ्या या अमेरिकी संशोधकाने १९७९ साली बालमृत्यू, साक्षरता आणि एक वर्षाच्या वयापासूनचे आयुर्मान यांवर जीवनमानाचा निर्देशांक बांधला. त्यात उत्पन्नाला जागाच नव्हती.

आकडा कसा निघतो हे भारताच्या उदाहरणावरून पाहता येते. २०२५च्या अहवालात २०२३ची माहिती आहे. आयुर्मान ७२ वर्षे. आयुर्मानाची किमान मर्यादा २० आणि कमाल ८५ मानतात, म्हणून ६५ पैकी ५२, म्हणजे ०.८०. आज शाळेत जाणारे मूल १३ वर्षे शिकेल अशी अपेक्षा (कमाल १८), पण २५ वर्षांवरील माणसे प्रत्यक्षात शिकलेली सरासरी ६.९ वर्षे (कमाल १५). दोन्हींची सरासरी सुमारे ०.५९. दरडोई राष्ट्रीय उत्पन्न क्रयशक्तीनुसार, म्हणजे देशोदेशीच्या किमतींतला फरक धरून, सुमारे ९,००० डॉलर. इथे लॉगॅरिदम घेतात, म्हणजे उत्पन्न वाढेल तसे पुढच्या प्रत्येक डॉलरचे वजन कमी धरतात, कारण हजारावर जगणाऱ्याला आणखी हजार मिळाले तर घर सावरते, पन्नास हजारवाल्याला तेवढ्याने फारसा फरक पडत नाही. उत्तर ०.६८. या तिन्हींचा भूमितीय मध्य, म्हणजे गुणाकाराचे घनमूळ, ०.६८५. १९३ देशांत क्रमांक १३०वा. पहिला आइसलँड (०.९७२), शेवटचा दक्षिण सुदान.

२०१०पर्यंत साधी सरासरी घेत, त्यामुळे एका बाजूची कमतरता दुसऱ्या बाजूने भरून निघे. भूमितीय मध्याने ते अवघड झाले. हा बदल योग्यच होता, कारण भरपूर उत्पन्न असले तरी अकाली मरणाची भरपाई होत नाही. उलट, उत्पन्न बेताचे असूनही आरोग्य आणि शिक्षणात पुढे गेलेले श्रीलंका व कोस्टा रिका याच मापाने डोळ्यांत भरले.

या मापातली सर्वांत मोठी उणीव म्हणजे सरासरी. देशातल्या देशात कोणाच्या वाट्याला काय आले, हे मूळ आकडा सांगत नाही. म्हणून २०१०पासून विषमता वजा केलेला निर्देशांकही काढतात. त्यात भारताचा आकडा सुमारे ३१ टक्क्यांनी घसरून ०.४७५वर येतो. परदेशांशी तुलना करताना हा दुसरा आकडा आधी पाहावा. नागरी स्वातंत्र्य, सुरक्षितता, हवा-पाणी यांचा हिशेब दोन्हींत नाही.

महाराष्ट्राने २००२ साली स्वतःचा मानव विकास अहवाल काढला, तेव्हा जिल्ह्यांत मुंबई सर्वांत वर आणि गडचिरोली सर्वांत खाली होती. एकाच राज्यातले हे अंतर पाहून मागास तालुक्यांसाठी मानव विकास मिशन सुरू झाले. पुढे ते १२५ तालुक्यांत गेले. गावात सातवीपर्यंतच शाळा असली की पुढचे शिक्षण रस्त्यावर अडते आणि आधी घरी बसते ती मुलगी. मिशनने अशा मुलींना सायकली दिल्या आणि एसटीच्या निळ्या बस सुरू केल्या. मुलगी आठवीत टिकली की ‘अपेक्षित वर्षां’च्या रकान्यात लगेच भर पडते. ‘सरासरी वर्षां’त मात्र २५ वर्षांवरील माणसेच मोजतात. आज तेराव्या वर्षी निळ्या बसमध्ये चढलेली मुलगी त्या रकान्यात यायला अजून बारा वर्षे आहेत.